तुम्ही विचारलंत म्हणून: गहू बंद, मग हिंग कसा चालतो?

‘लेकीला गहू बंद आहे ना? मग आमटीला हिंगाचा वास कसा?’ शेजारच्या काकूंपासून लेकीच्या मैत्रिणींच्या आयांपर्यंत सगळ्या मला हे विचारतात. काहींना हिंगात गहू असतो हे नुकतंच कळलेलं असतं. बाकीच्या म्हणतात, ‘हिंगानं काय होतंय, चिमूटभर तर घालायचा!’ दोघींसाठी एकदाच सविस्तर सांगते.

लेक नऊ वर्षांची असताना तिला सिलिअॅक असल्याचं निदान झालं. गहू किंवा जव पोटात गेला की त्यातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. यावर औषध नाही, जन्मभर पथ्य हाच इलाज. पोळी, पाव, बिस्किटं, रवा, शेवया सगळं एका आठवड्यात घराबाहेर गेलं आणि आम्ही ज्वारी-नाचणीच्या भाकरीवर आलो. तरी आठ महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा अँटिबॉडीचा आकडा हवा तसा उतरला नव्हता. पोट अधूनमधून दुखायचंच. मी रडकुंडीला आले होते. चोरून काही खातेस का, असं त्या पोरीला मी दोनदा विचारलं. ते आजही मनाला लागतं.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, तीन दिवस घरात जे शिजेल ते फोडणीसकट लिहून आणा. मी लिहून नेलं. ‘मोहरी, हिंग, हळद’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. ‘डबी वाचलीत का?’

नव्हती वाचली. पिवळ्या डबीवरच्या त्या बारीक अक्षरांना आपल्याकडे कुणी हिंग लावूनही विचारत नाही. घरी येऊन सासऱ्यांचं भिंग घेतलं, खिडकीपाशी गेले. खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, म्हणजे ज्याच्यासाठी डबी आणली तो सगळ्यात कमी.

यात लबाडी काही नाही. हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडच्या कोरड्या डोंगराळ भागात वाढणाऱ्या झाडाच्या मुळाचा चीक. मुळाला चीर दिली की तो पाझरतो आणि वाळून घट्ट होतो. हा कच्चा हिंग इतका उग्र आणि चिकट असतो की चिमटीत धरून मोजून घालणं अवघड. म्हणून त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळून तो ‘बांधतात’. उत्तर प्रदेशातलं हाथरस याच कामासाठी प्रसिद्ध आहे. या बांधानी हिंगाला कायद्याची परवानगी आहे, फक्त आत काय आहे ते डबीवर लिहावं लागतं. (आपल्याकडे हिंगाचं झाड लावायचा प्रयत्न २०२०च्या ऑक्टोबरात सुरू झाला. पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेनं हिमाचलात, लाहौलच्या खोऱ्यात पहिलं रोप लावलं. चीक मिळायला पाचेक वर्षं लागतात.)

आता ‘चिमूटभरानं काय होतंय’चं उत्तर. आमच्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं, म्हणून मी त्यांच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. समजा, भांडंभर आमटीला अर्धा ग्रॅम हिंग आणि त्यात निम्मा मैदा. म्हणजे २५० मिलिग्रॅम मैदा. मैद्यात वजनाच्या आठ-दहा टक्के ग्लूटेन, म्हणजे वीस-पंचवीस मिलिग्रॅम. चार माणसांत वाटलं तर लेकीच्या वाट्याला पाच-सहा. पण हिंग एकट्या आमटीत कुठे असतो? भाजीत, कोशिंबिरीच्या फोडणीत, मठ्ठ्यात, लोणच्यात असतोच. सिलिअॅकच्या बहुतेक लोकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत झेपतं असं मानतात. आमच्या घरी जेवणाच्या एका ताटातच ती मर्यादा ओलांडली जात होती. तेलात तडतडला म्हणून ग्लूटेन जळून जात नाही. सासूबाई कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, म्हणजे आपणच तिला रोज भरवत होतो गं.’ संध्याकाळी डबी त्यांनीच टाकून दिली.

हिंग मात्र सोडला नाही. हिंगाशिवाय वरण माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि लेकीच्या ताटातून अजून एक वास काढून घ्यायची माझी तयारी नव्हती. शुद्ध हिंगात मुळात गहू नसतो, गहू येतो तो बांधताना. पण इथेही फसायला होतं. मी वाण्याकडे खडा हिंग मागितला, तो म्हणाला, ‘ताई, एकदम प्युअर.’ पाकीट उलटून पाहिलं तर त्यातही गव्हाचं पीठ. बांधानी हिंगाचेही खडे मिळतात, त्यामुळे खडा म्हणजे शुद्ध असं धरून चालू नका. सुटा हिंग तर घेऊच नका. तांदळाचं पीठ घालून बांधलेला, ‘ग्लूटेन फ्री’ छापलेला हिंग आता सहज मिळतो. ते छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

रोजच्यासाठी मी तोच वापरते, सणाला शुद्ध खडा. मुगाएवढा तुकडा चमचाभर तुपात मंद आचेवर टाकते. तो फुगतो, कडकडीत होतो, मग गार झाल्यावर सासूबाई छोट्या खलबत्त्यात कुटतात. पातेलंभर वरणाला मोहरीएवढा पुरे, जास्त पडला तर कडू लागतं.

डबी बदलून काम संपत नाही. विकतचं लोणचं, उडदाचे पापड, गोडा मसाला, सांबार मसाला, हिंगाच्या पाचक गोळ्या, हिंगाष्टक चूर्ण, सगळ्यात कुणाचा तरी हिंग असतो. मेतकुटात तर हिंगाशिवाय गहूही भाजून घालतात. मी मेतकूट आता घरी करते, गव्हाच्या जागी तांदूळ थोडे जास्त. हे सगळं बदलल्यावर पुढच्या तपासणीत आकडा उतरला. एकट्या हिंगामुळे उतरला असं म्हणणार नाही, पण पोटदुखी थांबली.

काहीजणी पोटाच्या दुसऱ्याच त्रासासाठी विचारतात. कांदा-लसणानं गुबारा धरतो म्हणून ज्यांना ते बंद असतात, त्यांना हिंग ही चांगली सोय आहे, आणि फोडणीतला चिमूटभर मैदा त्यांना सहसा बाधत नाही. त्यांचं पथ्य वेगळं, सिलिअॅकचं वेगळं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर फोडणीपुरता हिंग ठीक, पण हिंगाच्या गोळ्या-चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावतात, ते पोटात मात्र कधीही देऊ नका.

लग्नाकार्यात काय करता, हे तर प्रत्येकजण विचारतं. आचाऱ्याला आदल्या दिवशी फोन करते. तो म्हणतो, ‘वहिनी, गहू नाहीच आमटीत.’ मी म्हणते, ‘दादा, हिंगाची डबी वाचून दाखवाल का?’ पाच मिनिटांनी त्याचा परत फोन येतो, आवाज बदललेला असतो. मग तिच्यापुरतं वरण फोडणीआधीच काढून ठेवायचं ठरतं, आणि पर्समधून मी आमचा हिंग घेऊन जाते.