रागावले नाहीत ना? मग झालं कौतुक

चाकणच्या कंपनीत होते तेव्हा एकदा माझा फोटो कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर लागला होता. एम्प्लॉयी ऑफ द मंथ, नोव्हेंबर. का लागला ते मला आजतागायत कळलेलं नाही. ऑक्टोबरात आमच्या डिपार्टमेंटचा नंबर लागला नव्हता, म्हणून असावा. एचआरच्या मुलीनं गुच्छ दिला, तीनशे रुपयांचं कूपन दिलं, केक कापून झाला, क्रीम तोंडाला फासून झालं आणि सगळे आपापल्या जागी गेले. आईनं मात्र तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून पुढचे दोन महिने मिरवला.

२०१८ मध्ये इकडे जर्मनीत आले. श्टुटगार्टपासून थोडं लांब, नेकार नदीच्या काठी आमचा कारखाना. मी क्वालिटीत. पहिलं वर्षभर रोज संध्याकाळी आईला फोन करून सांगायचे, की माझी नोकरी जाणार. कारण साहेब काही बोलायचेच नाहीत. रात्र जागून केलेला रिपोर्ट पुढे ठेवला, की शेवटचं पान उलटून म्हणायचे, "पास्ट." म्हणजे ठीक आहे, बसतंय. बास. शेवटी लेथवरच्या एका जुन्या कारागिरानं मला या भागातली म्हण शिकवली: "नेट गशिम्फ्ट इश गनुग गलोब्ट." रागावले नाहीत ना, मग तेवढंच कौतुक पुरे. हा श्वाबियन लोकांचा स्वभाव. ते बायकोच्या स्वयंपाकालासुद्धा याहून जास्त काही म्हणत नाहीत, असं तोच म्हणाला.

वाढदिवसाचीही तीच गत. पहिल्या वर्षी मी नवा ड्रेस घालून दुपारपर्यंत केकची वाट पाहत बसले. तिकडे सगळे माझ्याकडून केक कधी येतो याची वाट पाहत होते. इथे ज्याचा वाढदिवस त्यानंच खाऊ घालायचं. कंपनीकडून एक वाइनची बाटली आली. तिच्याबरोबर आमच्या पगारपत्रकवाल्या बाईंनी न विचारता माहिती दिली, की अशी भेट ६० युरोपर्यंत करमुक्त असते, वर गेली तर कर लागतो.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट २०२३ मधली. साहेब निवृत्त होणार होते. सहकारी म्हणाले, नवा माणूस येण्याआधी यांच्याकडून त्सॉइग्निस लिहून घे. त्सॉइग्निस म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र. नोकरी सोडताना ते मागण्याचा इथे कायद्यानंच हक्क आहे, गेवेर्बेऑर्डनुंग या कायद्याचं कलम १०९. साहेब बदलत असतील तर मधेच अंतरिम पत्रही मागता येतं. मी भीत भीत विचारलं. "मसुदा तुम्हीच लिहा, मी बघतो," ते म्हणाले. इथे असं सर्रास चालतं.

आता स्वतःची स्तुती स्वतः कशी करायची? आपल्याला सवय नाही. चहा करून घेतला आणि बेताबेतानं लिहिलं: दिलेलं काम पूर्ण करण्याचा हिनं मनापासून प्रयत्न केला. ही वक्तशीर आहे. सहकाऱ्यांमध्ये मिळूनमिसळून असते. नम्र, सभ्य, खोटं एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"तुम्हाला कुठेच नोकरी मिळू नये असं वाटतं का?"

मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. या पत्रात वाईट लिहायचं नसतं, त्यामुळे सगळंच गोड लिहितात, पण त्या गोडव्याला मार्क असतात. 'कायम, आमच्या संपूर्णतम समाधानानुसार' म्हणजे पहिला नंबर. 'संपूर्णतम' असा शब्द व्याकरणात बसत नाही, पण तो नसला तर माणूस घसरला. नुसतं 'पूर्ण समाधानानुसार', मागे 'कायम' नाही, म्हणजे तिसरा. 'प्रयत्न केला' म्हणजे जमलं काहीच नाही. वक्तशीरपणाची तारीफ म्हणजे दुसरं सांगण्यासारखं सापडलं नाही. आणि मिळूनमिसळून? "त्याचा अर्थ तुम्ही पिता," साहेब गंभीरपणे म्हणाले. गंमत म्हणजे शब्दांआड दुसरा अर्थ लपवायला त्याच कलम १०९ मध्ये मनाई आहे.

थोडक्यात, मी स्वतःला नापास करून, वर दारुडी ठरवून सहीसाठी दिलं होतं.

त्यांनी पेन्सिल घेतली. माझी वाक्यं एकेक करून खोडली, वर ठरलेली वाक्यं लिहिली, 'संपूर्णतम' सकट. ते लिहिताना चेहऱ्यावर काही नव्हतं, फॉर्म भरावा तसं. मग थांबले, खिडकीबाहेर पाहिलं आणि समासात स्वतःचं एक वाक्य लिहिलं: २०२१ च्या हिवाळ्यात सोमवारच्या मापांमधली चूक हिनं शोधली, त्यानंतर त्या भागाबद्दल ग्राहकाची एकही तक्रार नाही.

मी विसरले नव्हते, पण त्यांच्या लक्षात असेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या हिवाळ्यात तक्रारी यायच्या त्या फक्त सोमवारी बनलेल्या मालाच्या. तीन आठवडे मशीनलाच दोष देऊन झाला. शेवटी एका सोमवारी सकाळी सहा वाजता जाऊन उभी राहिले, भाग हातात घेतला, तर बर्फासारखा गार. शनिवार-रविवार हॉलची हीटिंग कमी केलेली, आणि माप मात्र २० अंशांना खरं धरायचं असतं. १०० मिलिमीटरचं स्टील १० अंशांनी गार झालं, की ११-१२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे हजारावे भाग, आकसतं. ऑपरेटर ते आकसलेलं माप बघून टूल सरकवायचा आणि दुपारी भाग तापला, की माप पुढे गेलेलं. उपाय काय, तर भाग मापायच्या खोलीत दोन तास नुसते ठेवायचे. तक्रारी थांबल्या. तेव्हा साहेब म्हणाले होते, "पास्ट."

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेबद्दल त्यांना बिल्ला मिळाला होता, तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला होता. लहानपणी मला कळायचं नाही, की काहीच झालं नाही याचं बक्षीस कसं काय. क्वालिटीवालीचंही तेच. माझं काम नीट झालं तर कुणाला दिसतच नाही. ते वाक्य वाचताना मला तो खिळा दिसला. "डांके," एवढंच म्हणता आलं. त्यांनी पेन्सिल खिशाला लावली आणि दार उघडलं.

पुढच्या महिन्यात त्यांचा निरोपसमारंभ झाला. केक अर्थातच त्यांनीच आणला. मी शंकरपाळ्यांचा डबा नेला होता. एक उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिली, एखादा नमुना तपासावा तशी. तोंडात टाकली, चावली.

"पास्ट," म्हणाले, आणि डबा उचलून स्वतःच्या पिशवीत ठेवला.