पाटीखालची रांगोळी

आमच्या मंडळाचा गणपती बसतो न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेच्या कॅफेटेरियात. चतुर्थी कुठल्याही वारी येवो, मंडळाचे बाप्पा शनिवारीच येणार. सकाळी साडेसातला डिकीतून मखराचे सुटे भाग, सतरंज्या आणि मसालेभाताची पातेली उतरू लागली की शाळेचा कस्टोडियन, म्हणजे देखभाल-सफाई बघणारा, किल्ल्यांचा जुडगा वाजवत येतो. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "नो फायर!"

त्याला कारण मी. एका वर्षी कार्यकारिणीत नवा होतो, हौस दांडगी. 'घालीन लोटांगण'ला भरपूर कापूर लावला आणि छतातला अलार्म कोकलू लागला. दीडशे माणसं पैठण्या-धोतरं सावरत पार्किंगमध्ये, बाप्पा आत एकटे, आणि दारात अग्निशमन दलाचा बंब. जवानांना मोदक दिले, त्यांनी उभ्याउभ्या खाल्ले. तेव्हापासून निरांजनं बॅटरीची. शाळेत शेंगदाण्यालाही बंदी, त्यामुळे कोशिंबीर कुटाशिवाय. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर एक पाटी आहे: 'नॅशनल ब्लू रिबन स्कूल'. उत्तम शाळेला अमेरिकी सरकारने दिलेला मान. आमची रांगोळी दरवर्षी तिच्या खालीच, कारण तिथे फरशी सपाट आहे. पाटीचा अर्थ आम्हा बहुतेकांना एवढाच कळायचा, की या भागात घर परवडणार नाही. नव्याने आलेलं जोडपं जेवणाच्या रांगेत हमखास विचारायचं, "या शाळेची हद्द कुठपर्यंत हो?" कारण हद्दीत घर, तरच इथे प्रवेश. मग मसालेभात राहायचा बाजूला आणि गल्ल्यांची नावं, व्याजदर, एजंटांचे फोन नंबर सुरू. मीही घर तसंच शोधलं. हद्दीच्या दोन गल्ल्या अलीकडे मिळालं!

2023 साली मात्र त्या पाटीकडे नीट पाहावं लागलं. 19 सप्टेंबरला, मंगळवारी, घरी चतुर्थी. दूर्वा निवडत होतो आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आरतीच्या फोटोंच्या मधोमध बातमी आली: त्या वर्षीच्या 353 ब्लू रिबन शाळांत आपली शाळा. दुसऱ्यांदा. शनिवारी मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. स्टेजवर त्यांना शाल-श्रीफळ दिलं. नारळ कानाशी हलवून त्यांनी माईकवरच विचारलं, हा उघडायचा कसा? तीन काका एकदम उठले.

जेवताना त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. रोनाल्ड रेगन यांच्या काळात, 1982 साली, शिक्षणमंत्री टेरेल बेल यांनी हा मान सुरू केला. शाळेला आपणहून स्वतःचं नाव पुढे करता येत नाही. सरकारी शाळांची शिफारस राज्य करतं, आणि मग शाळेने लांबलचक अर्ज लिहायचा: आम्ही कसं शिकवतो, मागे पडलेल्या मुलाचं काय करतो. परीक्षेत अव्वल शाळांचा एक गट, आणि मुला-मुलांमधली दरी कमी करणाऱ्यांचा दुसरा. हा दुसरा गट आमच्या जेवणाच्या रांगेत कधी कुणाच्या तोंडी आला नव्हता. नोव्हेंबरात वॉशिंग्टनला समारंभ; मिळणार पाटी आणि झेंडा. "पैसे किती?" आमच्या खजिनदाराने विचारलंच. काही नाही. बाईंनी मठ्ठा मात्र दोनदा घेतला.

एक शाल उरली होती, ती कस्टोडियनला दिली. रात्री आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो आणि तो शाल खांद्यावर तशीच ठेवून मॉप मारत होता. जरीचा काठ दर फेऱ्याला घसरायचा, तो दर वेळी सावरायचा. माझ्याकडे त्या वर्षीचे चारशे फोटो आहेत, हा नेमका नाही.

2025 च्या ऑगस्टअखेर, घराघरांत गणपती बसलेले असतानाच, केंद्राच्या शिक्षण खात्याने हा ब्लू रिबनचा कार्यक्रम बंद केल्याची बातमी आली. त्या वर्षीच्या निवडीचं काम अर्ध्यावर असताना. मला वाईट वाटलं, आणि त्याचं थोडं नवलही वाटलं. पाटीशी माझा संबंध तो काय, दोन गल्ल्या अलीकडचा.

पुढच्या शनिवारी साडेसातला आम्ही हजर. पाटी जागेवरच होती. रांगोळीला बसलेल्या मुलींपैकी एकीने निळा रंग घेऊन कडेला फीत काढली, शेजारचीने त्यात मोर घुसवला. तेवढ्यात जुडगा वाजला. मी दोन्ही हात वर करून दाखवले: काडेपेटी नाही.