रिटायर झालेली ग्रेहाउंड

आज बर्मिंगहॅमला वहिनींकडे गेलेलो, त्यांनी रेसिंगमधून रिटायर झालेली ग्रेहाउंड दत्तक घेतलीये. लोकांना वाटतं ताशी ६०-७० किमी पळणारं कुत्रं म्हणजे घरभर धुमाकूळ, पण ही बया दुपारभर सोफ्यावर पाय वर करून गाढ झोपलेली! दोन्ही कानांच्या आत नंबर गोंदलेला, म्हणजे मूळची आयर्लंडची, इंग्लंडमधल्यांच्या एकाच कानात असतो.

आख्खं आयुष्य केनेलमध्ये (कुत्री ठेवायच्या खुराड्यात) गेलेलं त्यामुळे जिना, काचेचं दार सगळंच नवीन. वहिनी तिचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवत होत्या आणि ती थरथरत का होईना पण वरपर्यंत चढली, जीव तुटला हो बघून. फ्लोरिडात २०१८ला लोकांनी मतदान करून या शर्यती बंद पाडल्या, इथेही व्हायलाच पाहिजे.

इकडे राहणाऱ्यांनी अशी ग्रेहाउंड दत्तक घ्यायचा खरंच विचार करा, फार मायाळू जात आहे. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, सो थंडीत कोट लागतोच. मान डोक्यापेक्षा जाड म्हणून साधा पट्टा सटकतो, मार्टिंगेलच (ओढ बसली की थोडा आवळणारा पट्टा) घ्या, आणि बाहेर मोकळं सोडू नका, खार दिसली की सुसाट. घरात मांजर असेल तर दत्तक देणाऱ्या संस्थेला आधीच सांगा, मांजरासोबत राहू शकेल असं बघून देतात.