लाल एसटीने दक्षिण मराठवाडा: सोलापूर ते नांदेड, कमी खर्चात

मराठवाडा पाहिला असं सांगणाऱ्या दहाजणांतल्या नऊजणांनी वेरूळ-अजिंठा पाहिलेलं असतं. तेही एका शनिवार-रविवारी, भाड्याच्या गाडीतून. आम्ही मुद्दाम उलट्या टोकाने शिरलो. सोलापुरातून तुळजापूर, नळदुर्ग, धाराशिव, तेर, लातूर, अंबाजोगाई, परळी आणि शेवटी नांदेड. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या नणंदबाई. दिवाळीचा फराळ डब्यात भरून निघालो. एक पाठपिशवी प्रत्येकी, आणि ठरवलं होतं की स्वतंत्र गाडी करायची नाही.

आधी तिकिटांचं. मार्च 2023 पासून राज्यातल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्यांनाही अर्धं, आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा, वाहक बघतात. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, म्हणजे पुढे बिदर किंवा कलबुर्गीकडे जायचा बेत असेल तर त्या भागाचं तिकीट पूर्ण पडणार. महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास बऱ्याचजणांना आठवतो. मात्र या भागात उड्या वीस ते साठ किलोमीटरच्या आहेत. एवढ्याशा अंतरांत पास वसूल होत नाही, आणि अर्ध्या तिकिटावर फिरणाऱ्या बाईने तर त्याच्या वाटेला जाऊच नये. एका दिवसात जिल्हेच्या जिल्हे ओलांडणार असाल तरच तो परवडतो. घेण्याआधी आगारातल्या खिडकीवर त्या वेळचा दर विचारा आणि कागदावर हिशोब मांडा.

खरं तर या सहलीत बस आणि खोली दोन्ही स्वस्तच पडतात. खिसा रिकामा होतो तो शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरला. संध्याकाळची गाडी निघून गेलेली असते, तुम्ही एखाद्या फाट्यावर उभे असता, आणि ऑटोवाला दिवसभराच्या जेवणाएवढे पैसे सांगतो. त्याचंही चुकत नाही, त्याला परत रिकामं यायचं असतं. म्हणून कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर उतरल्यावर आम्ही आधी चौकशी खिडकीवर जायचो आणि दोनच प्रश्न विचारायचो. त्या गावाहून परत येणारी शेवटची गाडी किती वाजता, आणि मुक्कामी गाडी आहे का. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तालुक्याला येते. पाहुण्याला तिचा उपयोग पहाटेचा: लवकरची फेरी खात्रीची मिळते. संध्याकाळी तिच्यात बसायचं तर गावात झोपायची सोय हवी.

भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक वाचून समाधान मानू नका. खेड्यांच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या गाड्या तर मुलींच्या शाळेसाठीच आहेत. सुट्टी आली की फेऱ्या गळतात. एका वाहकाने आम्हाला स्वच्छ सांगितलं, "ताई, साडेपाचची गाडी शाळा असली तरच येते." याच्या उलट आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी टमटम आणि काळ्या-पिवळ्या जीप दिवसभर भरून धावतात. कोंबडीसकट प्रवास होतो, पण दहा-वीस रुपयांत पोहोचता. तेव्हा रविवारी शहर, बाजाराच्या दिवशी खेडं, असा क्रम लावला की निम्मा खर्च तिथेच वाचतो.

पहिला मुक्काम तुळजापूर. सोलापुरातून पंचेचाळीसेक किलोमीटर, गाड्या सतत. मंदिर संस्थानचं भक्तनिवास आहे आणि स्टँडच्या आसपास साध्या लॉजची रांगच आहे. दोघींना मिळून 500 ते 800 रुपयांत स्वच्छ खोली मिळत गेली, इथेही आणि लातूर सोडून पुढेही. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा. त्या दिवशी दर्शनाची रांग आणि खोलीचा भाव दोन्ही वाढतात. नवरात्र ते कोजागरी या काळात तर स्वस्त खोलीचा विचारच सोडा. आम्ही साध्या बुधवारी पोहोचलो, दर्शन निवांत झालं. सामान खोलीवर ठेवून तिथूनच नळदुर्ग करून आलो. जड पिशवी घेऊन तो किल्ला फिरणं शक्य नाही.

नळदुर्गबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या संपूर्ण वाटेवर मला सर्वांत आवडलेली जागा ती. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच गाव आहे आणि स्टँडवरून किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. तटबंदी शंभरावर बुरुजांची, ती तर आहेच. पण माणूस थक्क होतो तो बोरी नदीवरच्या बंधाऱ्यापाशी. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा छोटा किल्ला यांच्यामध्ये नदी अडवली आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला आहे. हा पाणीमहाल, 1613 सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला. भिंतीतल्या जिन्याने खाली उतरायचं, नक्षीदार सज्जात बसायचं, आणि आपल्या पाठीमागे सगळ्या नदीचं पाणी तटलेलं आहे हे लक्षात घ्यायचं. पावसाळ्यात पाणी बंधाऱ्यावरून सुटलं की नर आणि मादी हे दोन धबधबे सज्जाच्या समोरून कोसळतात. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होते. धबधब्यांसाठीच जायचं असेल तर भरपूर पाऊस झाल्यावर जा आणि आधी एखाद्या स्थानिक माणसाला फोन करून विचारा, नदी भरली नसेल तर काही दिसत नाही. किल्ल्याला तिकीट आहे. आत सावली कमी, उपळी बुरुजाच्या पायऱ्या उंच. टोपी आणि पाणी न्या, तीन-चार तास हाताशी ठेवा. निजामाच्या काळात जिल्ह्याचं ठाणं इथे होतं. आज स्टँडवर चहाला बसलं की ते खरं वाटत नाही.

धाराशिव शहरात आम्ही फक्त गुलाबजाम खाल्ले. शहराबाहेरची लेणी पाहण्यासारखी आहेत, पण तिथवर बस जात नाही, ऑटोच करावी लागते. चौघं असतील तर वाटून घ्या.

तिथून तेर वीसेक किलोमीटर. सकाळची गाडी पकडा आणि दुपारपर्यंत राहा. गाव पाहून कुणाला वाटणार नाही, पण हे सातवाहनांच्या काळातलं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात त्याचं नाव आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि इथला माल गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जायचा. गावात त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर आहे. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. मुळात तो बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, असावा असं अभ्यासक मानतात. लेणी खोदण्याच्या देशात विटांनी उभा केलेला चैत्य इतकी शतकं टिकला, याचंच नवल. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात उत्खननातल्या आणि शेतांत सापडलेल्या वस्तू आहेत. मातीच्या बाहुल्या, शंखाचे दागिने, मणी, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा. एका शेतकऱ्याच्या पोराने आम्हाला रस्ताभर सांगितलं की नांगरताना अजूनही मणी वर येतात. संग्रहालय सरकारी आहे, म्हणून साप्ताहिक सुट्टी आणि जेवणाची वेळ विचारूनच निघा. तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. तिथे सावली, पाणी, बसायला ओटा, सगळं आहे. आमचा फराळाचा डबा तिथेच संपला.

तेरहून ढोकी जवळ आहे, आणि ढोकी लातूर-कुर्डुवाडी लोहमार्गावर. हीच पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची. आता रुंद झाली. गाड्या मोजक्या आहेत, त्यामुळे वेळ जुळली तर रेल्वे, नाहीतर सरळ बस.

लातुरात राहायला महाग आणि खायला स्वस्त, असा अनुभव आला. शिकवण्यांचं शहर आहे. राज्यभरातून मुलं येतात, त्यामुळे चांगल्या खोल्या लवकर भरतात, पण त्यांच्यासाठीच्या खानावळी जागोजागी आहेत. 80 ते 100 रुपयांत दोन भाज्या, वरण, भात, हव्या तेवढ्या पोळ्या. शिकवणी वर्ग जिथे दाटीने आहेत त्या भागात विचारा, पोरंच पत्ता सांगतात. हॉटेलच्या थाळीपेक्षा हे जेवण कितीतरी घरगुती. सकाळी नाश्त्याला सुशीला (मुरमुऱ्यांचा पदार्थ) मागा, आणि निलंगा राईसची गाडी दिसली तर थांबा. गंजगोलाई संध्याकाळी बघावी: मध्ये जगदंबेचं मंदिर, सभोवती गोल बाजार आणि त्याला फुटलेले 16 रस्ते. प्रत्येक रस्त्याला वेगळा व्यापार. नणंदबाईंनी तिथे भांड्यांच्या गल्लीत दीड तास घालवला, तो खर्च मी सहलीच्या हिशोबात धरलेला नाही.

लातूरहून औशामार्गे निलंग्याकडे जाताना खरोशाची लेणी लागतात. औशाचा भुईकोट आणि खरोसा एका दिवसात होतात. खरोशाला खाण्याची सोय धरू नका. सकाळी आधी खरोसा, उन्हं चढली की औसा. लेण्यांचा दगड ठिसूळ आहे आणि शिल्पं झिजलेली, त्यामुळे वेरूळ मनात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. शांतता मात्र भरपूर.

अंबाजोगाईला एक पूर्ण दिवस द्या. स्टँडवर उतरून चालतच फिरायचं गाव आहे. योगेश्वरीचं मंदिर, जयंती नदीकाठची हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी शिवलेणी, बाराखांबी मंदिर, संतकवी दासोपंतांची समाधी. मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगराच्या कड्यावर, तिथे सकाळच्या पहिल्या उन्हात जा. 1188 सालचा 'विवेकसिंधु' हा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने जागा फार चांगली निवडली होती. हत्तीखान्याच्या पटांगणात चार कोरीव दगडी हत्ती आहेत. आम्ही होतो तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. एकट्या बाईने दुपारी सामसूम वेळी जाण्याऐवजी सकाळी जावं, एवढंच सांगेन.

परळी तिथून पंचवीसेक किलोमीटर. वैजनाथाचं दर्शन अर्ध्या-पाऊण तासात, सोमवार सोडून. परळीहून पुढे मी रेल्वेच सुचवेन. गंगाखेड, परभणी, पूर्णा करत नांदेड. बसच्या मानाने भाडं कमी, आणि गंगाखेडजवळ गोदावरीचं पात्र खिडकीतून मनसोक्त दिसतं. खिडकीवर तिकीट काढताना गाडी पॅसेंजर आहे की एक्सप्रेस हे सांगून काढा, दर वेगळा असतो.

नांदेडात सचखंड गुरुद्वाराच्या यात्री निवासात अल्प शुल्कात खोली मिळते. ओळखपत्र लागतं, शनिवार-रविवारी आणि सणाला खोली मिळणं कठीण, आणि आवारात तंबाखू-सिगारेट चालत नाही. गुरू गोविंदसिंगांचा अंत इथे 1708 मध्ये झाला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 च्या दरम्यान उभारली. डोकं झाकून आत जायचं, रुमाल जवळ असावा. लंगर सगळ्यांना खुलं आहे. पण खर्च वाचवायचा म्हणून तीन वेळा फुकट जेवून निघून जाणं बरं नाही. नणंदबाई पोळ्या लाटायला बसल्या, मी ताटं घासली. कुणी सांगत नाही, पण बसायला जागा लगेच करून देतात.

नांदेडहून लोह्यामार्गे कंधारचा भुईकोट दिवसात होतो. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, किल्ल्याभोवती रुंद खंदक. गाड्या पुरेशा आहेत, तरी परतीची वेळ तिथल्या स्टँडवर पुन्हा विचारून घ्या.

किरकोळ पण उपयोगाचं: वाहकांकडे मोबाइलवरून पैसे देता येतात, पण खेड्यात नेटवर्क दगा देतं, म्हणून दहा-वीसच्या नोटा ठेवा. रेल्वे स्थानकाच्या सामानघरात पिशवीला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत. एप्रिल-मे टाळा, पारा चाळिशीच्या वर असतो आणि एसटीचा पत्रा तापतो. स्वच्छतागृहासाठी मोठ्या आगाराच्या स्टँडची वाट पाहू नका, देवस्थानांची बरी असतात.

परतीला नांदेडहून सकाळची तपोवन एक्सप्रेस आहे, दिवसा मुंबईला जाणारी. तिचं बसायचं आरक्षण स्लीपरपेक्षा स्वस्त. वाटेत छत्रपती संभाजीनगरला उतरून वेरूळ-अजिंठा जोडायचं असेल तर वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, त्याप्रमाणे तिकीट काढा.