तोनालाच्या अंगणातला लहान जाळ

नोव्हेंबरच्या अखेरीस, ह्यूस्टनमध्ये पहिला गार वारा सुटला त्या संध्याकाळी, आमच्या परसातली नवी कोरी चिमेनेया, म्हणजे मातीची मेक्सिकन शेकोटी, तडकली. फार मोठा आवाज झाला नाही. घरात कुणी सुपारी फोडावी तसा ‘टच्’ असा बारीक आवाज आला, पोटापासून गळ्यापर्यंत केसाएवढी रेघ उमटली आणि बघता बघता त्या रेघेतून आतला जाळ लाल दिसू लागला. पाहुण्यांपैकी कुणाला काही इजा झाली नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, तेव्हा तिथल्या माणसाने खांदे उडवले आणि तो म्हणाला, “माती आहे, तडकणारच.”

त्या एका वाक्यामुळे मी मेक्सिकोला गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. माझे माहेर फलटणचे; शाळेची वाट कुंभारवाड्यातून जायची आणि आमच्या स्वयंपाकघरात मी दहा वर्षांची होईपर्यंत मातीची चूल होती. त्या चुलीवर रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक होई आणि ती वर्षानुवर्षे टिके. तेव्हा माती तडकणारच, हे मला पटण्यासारखे नव्हते. जिथे या चिमेनेया घडवतात तिथे जाऊन एकदा समोरासमोर विचारायचे, असे मी त्याच दिवशी ठरवले.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. रांजणासारखे गोल पोट, समोर लाकूड सरकवता येईल एवढे तोंड आणि वर निमुळता होत गेलेला उंच गळा, तेच तिचे धुराडे. हे सगळे लोखंडी तिवईवर बसवतात. जाळ पोटात राहतो, धूर गळ्यातून डोक्यावरून निघून जातो आणि ऊब समोर बसलेल्यांच्या अंगावर येते. उघड्या शेकोटीभोवती वारा फिरेल तसे डोळे चोळत उठून जागा बदलावी लागते, ते इथे करावे लागत नाही. बिडाच्या आणि ॲल्युमिनियमच्याही चिमेनेया हल्ली मिळतात, त्या सहसा तडकत नाहीत. पण त्यांचा पत्रा असा तापतो की लहान मुलांना जवळ फिरकू देता येत नाही, आणि जाळ विझला की थोड्याच वेळात त्या गारही पडतात. मातीची भिंत उशिरा तापते आणि उशिरा निवते. शेवटचे लाकूड जळून गेल्यावरही तासभर तिच्याजवळ बसावेसे वाटते, ते त्यामुळे.

जानेवारीत मुलीला कॉलेजची सुट्टी होती आणि तिचे स्पॅनिश माझ्यापेक्षा पुष्कळ बरे आहे, म्हणून तिला बरोबर घेतले. ह्यूस्टनहून ग्वादालाहारा विमानाने जेमतेम अडीच तासांवर आहे. पहिले दोन दिवस आम्ही शहर पाहिले, काबान्यास या जुन्या वास्तूच्या घुमटाखाली उभे राहून चित्रकार ओरोस्कोंची भित्तिचित्रे मान अवघडेपर्यंत पाहिली, आणि त्या दोन दिवसांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, कारण माझे मन तिथे नव्हते.

एक गंमत मात्र तिथेच कळली. ‘चिमेनेया’ हा स्पॅनिशमधला अगदी साधा शब्द आहे. घरातल्या भिंतीतली शेकोटी आणि छपरावरचे धुराडे, दोन्हींना तोच शब्द. त्यामुळे हॉटेलात चौकशी केली तेव्हा तिथल्या बाईंनी आम्हांला दिवाणखान्यातली संगमरवरी शेकोटी कौतुकाने दाखवली. ‘चिमेनेया दे बार्रो’, म्हणजे मातीची, असे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी एकच नाव सांगितले: तोनाला.

वाटेत त्लाकेपाके लागते. मेट्रोची तिसरी मार्गिका थेट तिथवर जाते. गाव देखणे आहे, रस्ते स्वच्छ आहेत, दारादारांत कागदी फुलांच्या वेली आहेत. पण मला तिथे करमले नाही. भांडी काचेच्या कपाटांत दिव्यांखाली मांडलेली, हात लावू नका अशा पाट्या, आणि मडके कुणी घडवले असे विचारले तर विक्रेत्या मुलीला ठाऊक नसे. मडके टिचकी मारून घ्यायचे असते, असे लहानपणापासून शिकलेल्या माणसाला हात न लावता खरेदी करणे जमत नाही.

तोनालाला आम्ही गुरुवारी गेलो. तिथे दर गुरुवारी आणि रविवारी रस्त्यावर मोठा बाजार भरतो. त्याला ‘तियांगीस’ म्हणतात, आणि हा शब्द स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या नाहुआत्ल भाषेतला आहे. १५३० साली स्पॅनिश सरदार नुन्यो दे गुस्मान फौज घेऊन आला, तेव्हा या गावावर एका स्त्रीचे राज्य होते असे सांगतात. इतक्या जुन्या गावचा बाजार पाहण्याची मला फार ओढ होती, आणि तेवढीच मोठी निराशा पदरी आली. गर्दी आपल्याकडच्या जत्रेसारखी, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्लास्टिकची फुले, रंगवलेले प्लास्टरचे पुतळे आणि एकाच साच्यातून काढलेल्या शेकडो वस्तू यांच्या भाऊगर्दीत हाताने घडवलेली माती शोधावी लागत होती. ऊन डोक्यावर आले, मुलगी कंटाळली, आणि मला रडू यायचेच काय ते बाकी होते. तेवढ्यात एका हातगाडीवर दोन चिमेनेया गवतात गुंडाळून नेताना एक मुलगा दिसला. आम्ही बाजार सोडून त्याच्या मागे चालू लागलो, तो थेट मुख्य रस्त्यापासून चार गल्ल्या आत, एका उघड्या फाटकापाशी येऊन थांबला.

आत अंगण होते. एका बाजूला सावलीत वीस-बावीस चिमेनेया ओळीने वाळत ठेवलेल्या, अजून न भाजलेल्या, ओल्या मातीच्या करड्या रंगाच्या. मधोमध सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ एका चिमेनेयाचा गळा चढवत होते. तिकडे कारागिरांना आदराने ‘मायेस्त्रो’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. मीही तेच म्हणाले. त्यांनी मान हलवून बसायला सांगितले, आणि हातातले काम मात्र थांबवले नाही.

ते काम मी जवळजवळ तासभर पाहिले. पोट आधी घडवून, अंगठ्याने दाबली तर ठसा उमटेल पण आकार बिघडणार नाही इतके वाळवलेले होते. मायेस्त्रोंनी मनगटाएवढी जाड मातीची वळी दोन्ही तळव्यांत फिरवत लांब केली, पोटाच्या वरच्या कडेवर गोल बसवली, आतून डाव्या हाताचा आधार देऊन उजव्या हाताने लाकडी फळीने हलके थापटले, आणि चामड्याचा ओला तुकडा फिरवून सांधा असा मिटवला की जोड कुठे होता ते शोधूनही सापडेना. मग दुसरी वळी, थोडी लहान. मग तिसरी. प्रत्येक वळीनंतर ते स्वतः चिमेनेयाभोवती चालत, कारण तिला फिरवणारे चाक नव्हते; चाकाच्या जागी माणूसच फिरत होता. शेवटी पातळ सुरीने समोरचे तोंड कापले, आणि कापलेला मातीचा चतकोर तुकडा तसाच उचलून मळलेल्या गोळ्यात परत टाकला. माझी आजी भाकरी थापताना परातीतले उरलेसुरले पीठ असेच बोटाने गोळा करून पुढच्या उंड्यात घालायची.

मी मुलीमार्फत माझी हकीकत सांगितली. फोनवर तडकलेल्या चिमेनेयाचा फोटोही दाखवला. मायेस्त्रोंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, “आई, ते विचारताहेत की पहिल्या दिवशी किती लाकूड घातलंस?”

मी खरे ते सांगितले. आठ माणसे बसली होती, थंडी होती, म्हणून पोट भरून लाकूड घातले होते. ज्वाळा गळ्यातून वर हातभर बाहेर येत होत्या आणि आम्ही सगळे त्याचे कौतुक करत होतो. शिवाय आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता आणि चिमेनेया उघड्यावरच होती.

ते रागावले नाहीत. त्यांनी दोन भाजलेल्या चिमेनेया पुढे ओढल्या आणि बोटाच्या पेराने वाजवून दाखवल्या. एक खणखणीत वाजली, दुसरी बद्द. दुसरीला बाहेरून कुठेही चीर दिसत नव्हती. मग त्यांनी जे समजावले ते असे. भट्टीतून निघालेली माती सच्छिद्र असते आणि ती हवेतले, पावसातले पाणी पीत राहते. एकदम मोठा जाळ केला की त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. त्याच वेळी आतला थर तापून फुगू पाहतो, बाहेरचा थर मात्र गारच असतो. माती उष्णता सावकाश पुढे देते, म्हणून ही ओढाताण भिंतीच्या जाडीतच होते आणि बाहेरचा थर ताणून फाटतो. त्यासाठी पहिले सात जाळ लहान करायचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, आणि दोन जाळांच्या मध्ये चिमेनेया पूर्ण निवू द्यायची. तळात तोंडाच्या कडेच्या थोडे खालपर्यंत वाळू भरायची, म्हणजे निखारे मातीला थेट टेकत नाहीत. जाळ पाण्याने विझवायचा नाही, आपला आपण विझू द्यायचा. पावसात झाकून ठेवायची. आणि ज्वाळा गळ्यातून बाहेर दिसली, तर लाकूड जास्त झाले असे समजायचे.

मी मध्येच विचारले की मग माती आणखी कडक का भाजत नाहीत. तोनालामध्ये अशी भांडी होतात हे मला माहीत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्हे विल्मोट या मृत्कलाकाराने उच्च तापमानाला भाजण्याचे तंत्र या गावात रुजवले आणि त्या कडक, दगडासारख्या भांड्यांनी नाव मिळवले. मायेस्त्रो म्हणाले की ती भांडी ताटात शोभतात, जाळावर नाही. वाळू मिसळलेल्या, कमी भाजलेल्या मातीत बारीक पोकळ्या असतात. चीर सुरू झाली तरी अशा पोकळीशी येऊन थांबते. काचेसारख्या घट्ट झालेल्या मातीत ती सरळ धावत जाते.

हे ऐकताना मला आजी आठवली आणि माझा मलाच फार राग आला. नवी चूल घातली की आजी ती सावलीत वाळू द्यायची, सारवायची, आणि पहिले काही दिवस तिच्यात चार काटक्यांहून जास्त घालू द्यायची नाही. “नव्या चुलीला एकदम जाळ दाखवू नये,” हे तिचे शब्द माझ्या कानांत आहेत. मातीशी कसे वागायचे हे मी शिकलेले होते. तीस वर्षे गॅससमोर उभी राहून ते विसरले, आणि पी हळद नि हो गोरी असे वागून एक चांगली घडवलेली वस्तू पहिल्याच रात्री मारून टाकली. दुकानदाराने मात्र हे सांगायला हवे होते, हे मी आजही म्हणेन. घडवणाऱ्याला जे तोंडपाठ आहे, ते विकणाऱ्याने दोन वाक्यांत सांगितले असते तर मातीला दोष लागला नसता.

संध्याकाळी भट्टी पाहिली. गोल, वरून उघडी, खाली लाकडाचा जाळ. माल रचून झाला की तोंडावर फुटक्या भांड्यांचे तुकडे पसरतात. त्या तुकड्यांना ते ‘तेपालकाते’ म्हणतात. आमच्या कुंभारवाड्यातही आवा रचला की वर खापऱ्या घालत, आणि फुटलेले मडके कुणी फेकत नसे ते याचसाठी. मी मुलीला ‘खापरी’ हा शब्द सांगितला. तिने तो मायेस्त्रोंना सांगितला. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला.

सूर्य मावळताच गारठा पडला. ग्वादालाहारा पठारावर, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. दिवसा स्वेटर नको होतो आणि रात्री शाल पुरत नाही. मायेस्त्रोंच्या पत्नीने अंगणातली घरची जुनी चिमेनेया पेटवली. काजळीने तिचा गळा काळा झाला होता आणि एका बाजूला तार आवळलेली होती. त्यांनी कागद वापरला नाही, रॉकेल नाही. ‘ओकोते’ म्हणजे राळेने ओथंबलेल्या पाइनच्या लाकडाच्या दोन ढलप्या, करंगळीएवढ्या, एकीला काडी लावली आणि ती पणतीच्या वातीसारखी शांत जळू लागली. तिच्यावर चार काटक्या, मग ओकचे एक बारीक लाकूड. बस, एवढेच. आठ माणसांसाठी मी जेवढे घातले होते त्याच्या पाचवा हिस्साही नसेल. दहा-पंधरा मिनिटांनी भिंत तापली, आणि आम्ही सहा जण भोवती बसलो होतो, त्या प्रत्येकाला ऊब पोहोचली. मातीच्या पेल्यांतून दालचिनी घातलेली कॉफी आली, साखरेऐवजी ‘पिलोन्सियो’ घातलेली. पहिल्याच घोटाला मी मुलीकडे पाहिले, तीही हसली. तो सरळसरळ गूळ होता. अनोळखी बायांना, काही विकत घेतील की नाही हे न विचारता, घरच्या जाळापाशी बसवून घेणाऱ्या त्या कुटुंबाचे ऋण मी विसरणार नाही.

मोठी चिमेनेया विमानातून आणणे शक्य नव्हते. गुडघ्याएवढी एक लहान घेतली, साडेचारशे पेसोंना. घासाघीस केली नाही. ती वाजवून घेतली, हे सांगायला नको. वर्तमानपत्रे, दोन शाली आणि माझा स्वेटर यांत गुंडाळून आणली, आणि त्या खोक्यासाठी विमानाचे भाडे तिच्या किमतीहून जास्त पडले. मधले दोन दिवस तापाल्पाच्या डोंगरात होतो. पाइनची झाडे सुंदर होती, लाकडी खोली बर्फासारखी गार.

घरी आल्यावर तळात वाळू भरली आणि परसात फरशीवर तिवई मांडली. पहिल्या दिवशी तीन काटक्या जाळल्या. भिंतीला हात लावला तर बाहेरून जेमतेम कोमट. दुसऱ्या दिवशी पाच. नवरा म्हणाला, “अगं, एवढ्यात चहासुद्धा उकळणार नाही.” मी म्हटले, चहा आत गॅसवर करते, इथे माती पक्की होते आहे. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी जाळ वाढवत नेला, दरवेळी ती पूर्ण निवल्यावरच. सहाव्या संध्याकाळी तळवा भिंतीवर ठेवता येईना इतकी ती तापली, आणि कुठे टच् असा आवाज आला नाही. रात्री निवल्यावर पेराने वाजवून पाहिली, खणखणीत वाजली. काल पाऊस लागला म्हणून पडवीत आणून झाकून ठेवली आहे. पाऊस उघडला आणि ती दोन दिवस वाळली, की सातवा जाळ.