सिम पार्टनर

रात्रीचे साडेदहा. सिममधे, म्हणजे सिम्युलेटरच्या नकली कॉकपिटमधे, चार तास गेले, पाठ आखडलीये, पण हे आत्ताच लिहितो नाहीतर उद्या विसरेन.

माझा सिम पार्टनर हवाई दलातून आलाय. बरीच वर्षं लढाऊ विमानं उडवली, आता माझ्यासारखाच एअरलाइनच्या टाइप रेटिंगला, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगला, बसलाय. मी पहिल्यापासून सिव्हिल, म्हणजे कर्ज काढायचं, कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास भरायचे, आणि त्यातले कितीतरी तास नुसतं सरळ इकडून तिकडे जायचं कारण लॉगबुकात आकडा चढायला हवा. त्याच्याकडे पैसा सरकारचा, पण प्रत्येक सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, मार्क, आणि लागोपाठ दोनतीन खराब गेल्या की बोर्डासमोर. त्याच्या शेजारच्या कॉटवरचा मुलगा एका दुपारी बॅग भरून गेला, धड निरोपही घेता आला नाही म्हणाला. मला फार तर कुणी अजून पाच तास उड आणि त्याचे पैसे भर एवढंच सांगितलं असतं.

आज आधी अपसेट रिकव्हरी होती, म्हणजे वाकडंतिकडं झालेलं विमान सावरायचं. इन्स्ट्रक्टरने डोळे मिटायला लावले आणि विमान वाकडं करून हातात दिलं, नाक खाली, बँक म्हणजे कल ६० अंशांच्या वर, स्पीड वाढतोय. मी काय केलं तर कंट्रोल मागे ओढलं. समोर जमीन दिसली की अंग ओढायलाच बघतं! पण कललेल्या विमानात ओढलं की वळण अजून आवळतं, उंची अजून जाते. आधी दाब सोडायचा, मग पंख सरळ, मग नाक वर. मला हे पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय, फक्त हातांना माहीत नव्हतं. त्याने तेच इतक्या आरामात केलं की मला रागच आला. ट्रेनर विमानावर त्याने एकट्याने स्पिनमधे, म्हणजे गरगरत खाली पडण्यात, जाऊन बाहेर यायचा सराव केलाय, मी स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल जाते त्याच्या, पुढे कधी गेलोच नाही. सहासात जी मधे, म्हणजे अंग सहासात पट जड झालेलं असताना, पाय आणि पोट आवळून दर तीन सेकंदांनी श्वास घेत मान मागे वळवून बघायचं म्हणे. आमच्या विमानाची मर्यादाच अडीच जी, आणि तिथवर गेलो तरी चौकशी लागेल.

मग ब्रेक झाला आणि नंतर इंजिन फेल. टेकऑफला व्ही वननंतर, म्हणजे आता थांबता येत नाही त्या वेगानंतर, डावं इंजिन गेलं, उडवत तो होता. रडर अचूक, नाक जागच्या जागी, मी मनात वा म्हणतोय तोवर ४०० फुटांवर त्याने एक शब्द न बोलता डाव्या इंजिनचा लिव्हर मागे घेतला. निवडलेलं इंजिन बरोबरच होतं. तरी इन्स्ट्रक्टरने तिथेच सिम फ्रीज केलं.

नंतरच्या चर्चेत, डीब्रीफमधे, केगवर्थचा अपघात निघाला. ८ जानेवारी १९८९, ७३७-४०० च्या डाव्या इंजिनचं पातं तुटलं आणि दोघा पायलटांनी उजवं, चांगलं चाललेलं इंजिन बंद केलं. ४७ माणसं गेली. म्हणून हात लिव्हरवर ठेवायचा, कुठलं इंजिन ते मोठ्याने बोलायचं, आणि दुसरा बघून कन्फर्म म्हणेपर्यंत लिव्हर हलवायचा नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, अरे माझ्या शेजारी कधी कुणी नव्हतंच ना, विचारणार कुणाला? एक इंजिन, एक माणूस, रीलाइट नाही झालं, म्हणजे इंजिन परत पेटलं नाही, तर सीटचं हँडल ओढून बाहेर. आणि फॉर्मेशनमधे तर स्वतःच्या मीटरकडेही बघायचं नाही, लीडरच्या पंखावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, तो ढगात शिरला की आपणही शिरायचं.

हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. लीडरवर एवढा विश्वास टाकणारा माणूस शेजारच्याला एक शब्द विचारत नाही.

संध्याकाळी खोलीत भिंतीवर कागदी कॉकपिट चिकटवून दोन खुर्च्या मांडल्या. त्याने कागदावरच्या लिव्हरवर बोट ठेवलं, लेफ्ट थ्रस्ट लिव्हर म्हणाला आणि थांबला. थांबूनच राहिला. मी त्याच्या हाताकडे बघत बसलेलो, कन्फर्म म्हणायचं मलाच होतं हे विसरून.

उद्या सहाला रिपोर्टिंग.