मीच आहे

गुरुवार, रात्री उशिरा

झोप येणार नाही हे ओळखून दिवा लावला आणि वही उघडली. अस्वस्थतेचे कारण सांगायलाही संकोच वाटावा इतके किरकोळ आहे. एका फलकावर वाचलेला एक उद्गार दुपारपासून मनातून जात नाही.

लष्करी पाद्र्यांच्या इतिहासाचे ते संग्रहालय इतके लहान आहे, की रेंगाळत पाहिले तरी अर्ध्या तासात संपावे. मी दोन तास होतो. खरे तर विद्याकडे जायला निघालो होतो. वाटेत पाटी दिसली आणि पाय आपोआप तिकडे वळले. आपोआप हा शब्द मी मुद्दामच वापरला आहे, कारण दुसरा वापरला तर पुढचे लिहिणे अवघड होईल.

पहिल्याच कपाटात चामड्याची एक छोटी पेटी होती. आत बोटभर उंचीचा चांदीचा प्याला, तळहाताएवढी तबकडी, द्राक्षासवाची इवलीशी कुपी आणि प्रत्येकासाठी निळ्या मखमलीत बेतलेला खळगा. मखमल एकाच जागी पार झिजली होती. पेटी उघडताना अंगठा तिथे टेकत असणार. सैन्याबरोबर हिंडणाऱ्या पाद्र्याचे सारे सामान एवढेच. हत्यार नाही, औषध नाही. 1864च्या जिनिव्हा कराराने युद्धभूमीवर जे संरक्षण दिले, त्यात पाद्री डॉक्टरांच्याच पंगतीला बसवले आहेत. पण डॉक्टरला जखमेपाशी गेल्यावर काहीतरी करता येते. पाद्र्याने तिथे पोचून करायचे काय, हा प्रश्न मला त्या पेटीपुढे पडला, आणि तो पाद्र्यांविषयीचा नव्हता हे लगेच कळले.

श्रीधर गेल्याला सोमवारी तीन महिने होतील. ‘जाऊन बोलणार काय?’ हे वाक्य मी इतक्या वेळा मनाशी म्हटले आहे, की आता ते कारण न राहता सवय झाली आहे. शिवाय माझेही काही गेले आहेच की. त्याची विचारपूस कोणी केली? पण ते राहू दे.

उद्गाराविषयी लिहितो. थिओडोर हार्डी हा पन्नाशी उलटलेला शाळामास्तर आणि खेड्यातला धर्मोपदेशक. वय जास्त म्हणून आधी नाकारला गेला आणि पहिल्या महायुद्धात, 1916 साली, कसाबसा ब्रिटिश लष्करात पाद्री झाला. तिथल्याच एका धाकट्या, पण अनुभवी पाद्र्याने, स्टडर्ट केनेडीने, त्याला सल्ला दिला तो साधारण असा: सैनिक जातील तिथे जा, झोळीत सिगारेटी ठेव आणि मनात भरपूर माया. हार्डीने तो शब्दशः पाळला. एप्रिल 1918 मध्ये गोळीबाराचा आवाज ऐकून तो गस्तीच्या तुकडीमागून गेला. आघाडीच्या चौक्यांपुढे सुमारे 400 यार्डांवर एक अधिकारी गंभीर जखमी होऊन पडला होता. त्याला आत आणायला मदत मिळेपर्यंत हार्डी त्याच्याजवळ राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यात याचाही वाटा आहे. युद्धविराम तीन आठवड्यांवर असताना, 18 ऑक्टोबरला, तो जखमांनी मरण पावला. हे सगळे थोरच. पण मला अडवले ते दुसऱ्याच गोष्टीने. रात्री अंधारात खंदकातल्या पहारेकऱ्यांपाशी पोचला, की तो एवढेच म्हणे: ‘मीच आहे.’

आपण घरचे दार वाजवतो, आतून ‘कोण?’ असे येते आणि आपण ‘मीच’ म्हणतो. त्या ‘मीच’मध्ये नावाची गरज नसते, कामाची नसते, सांत्वनाची तर नसतेच. आणि मी तीन महिने शब्द जुळवत बसलो आहे.

स्वतःची कीव करण्याचा हा कार्यक्रम आणखी बराच लांबला असता. पण पुढच्याच भिंतीवर माझे पूर्वज भेटले. ब्रिटिश लष्कराचा पाद्री विभाग 1796 मध्ये स्थापन झाला, तो मुळात पाद्री हजरच राहत नसत म्हणून. पगार पलटणीचा, मुक्काम घरी, हा त्यांचा शिरस्ता. शेवटी त्यांना बजावले गेले, की एकतर पलटणीत रुजू व्हा, नाहीतर दिवसाला 4 शिलिंग घेऊन निवृत्त व्हा. बहुतेकांनी शिलिंग पसंत केले. मला हसू फुटले, आणि दाराशी बसलेल्या वृद्ध बाईंनी वर पाहिले. त्या निवृत्तांतही सज्जन, हळवी, ‘जाऊन बोलणार काय’ म्हणणारी माणसे असतीलच. इंग्रज सैनिक आपल्या पाद्र्याला ‘पाद्रे’ म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजांकडून हिंदुस्थानमार्गे त्यांच्या तोंडी गेलेला, आपल्या ‘पाद्री’चा सख्खा भाऊ. नात्यागोत्यात मी काही अगदीच परका नव्हतो.

बाहेर आलो तेव्हा तिच्याकडे जाण्याची वेळ टळून गेली होती. निदान तसे मी ठरवले. मग रस्त्याच्या कडेला उभे राहून फोन लावला. हार्डीइतके चालणे काही झाले नाही.

तिसऱ्या घंटीला तिने उचलला. मी म्हणालो, ‘विद्या, मीच आहे.’

‘दिसतंय की नाव,’ ती म्हणाली. ‘बोल.’

बोलण्यासारखे काही सुचले नाही. तिलाही नसावे. बराच वेळ फोन तसाच चालू होता, आणि तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.